दिवाळीचं पत्र मुलांच्याच हातचं: दसऱ्याला कागद, कोजागरीला पेटीत

तीन वर्षांपूर्वी माझ्या लेकीने गुहागर तालुक्यातल्या आजी-आजोबांना दिवाळीचं पहिलं पत्र पाठवलं. तेव्हा ती दुसरीत होती. पत्र अगदी नीटनेटकं होतं. 'आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. ही दिवाळी आपणांस सुखाची, समृद्धीची व भरभराटीची जावो.' एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलं नव्हतं, कारण मी शेजारी बसून एकेक शब्द सांगितला होता. पत्र पोचल्यावर सासूबाईंचा फोन आला. "अक्षर छान आहे हो पोरीचं," म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण ती काय म्हणत्ये ते काही कळलं नाही."

पुढच्या वर्षी मी गप्प राहिले. त्या पत्रात लेकीने लिहिलं, 'आजी मनीला पिल्लं झाली का. आमच्याकडे सातव्या मजल्यावर मांजर येत नाही.' ते पत्र सासूबाईंनी देवघराच्या फळीवर पंचांगाखाली ठेवलंय आणि आल्यागेल्याला त्या ते वाचून दाखवतात.

तेव्हापासून ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी दसऱ्यानंतर मुलांची बैठक बसते. माझी लेक, भाचा, मजल्यावरची दोन-तीन मुलं. त्यांच्याबरोबर बसून जे कळलं ते इथे लिहिते आहे. तुमच्या घरी पहिल्यांदाच पत्र लिहिलं जाणार असेल, तर क्रमाने करा.

काय काय लागेल

- रेघांचा कागद. लहान मुलांना दुरेघी बरा पडतो.
- पेन्सिल किंवा बॉलपेन. जेल पेन आणि स्केचपेन चित्रापुरतंच ठेवा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, थेंब पडला की ती शाई पसरते.
- पोस्टकार्ड, अंतर्देशीय किंवा पाकीट आणि तिकीट. मी शेवटचं पत्र टाकलं तेव्हा पोस्टकार्ड ५० पैशांना, अंतर्देशीय अडीच रुपयांना आणि २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ५ रुपयांचं तिकीट होतं.
- पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. हा आधीच फोन करून विचारून ठेवा.
- एक रिकामा कच्चा कागद. तो कशासाठी ते सहाव्या पायरीत येईल.
- तुमचा अर्धा तास, तोही दोन-तीनदा. एका बैठकीत पत्र होत नाही.

१. आधी दिवस मोजा

पत्र वसुबारसेच्या आत पोचायला हवं. घरात फराळाची गडबड सुरू झाली की कुणाला निवांत वाचायला वेळ नसतो. तिथून उलटं मोजा. कोजागरी ही आश्विनातली पौर्णिमा आणि वसुबारस वद्य द्वादशी, म्हणजे मध्ये साधारण बारा दिवस मिळतात. खेड्यातल्या पोस्टाला तेवढे द्यावेतच. दसरा ते कोजागरी हे पाच दिवस लिहिण्याचे. म्हणून आमच्या घरचा नियम सोपा आहे: दसऱ्याला कागद हातात, कोजागरीला पत्र पेटीत.

अडचण एकच. याच सुमाराला बऱ्याच शाळांची सहामाही परीक्षा असते. तेव्हा 'अभ्यास झाला की पत्र लिही' असं सांगू नका. दमलेलं मूल दोन ओळींत उरकून टाकतं. परीक्षेच्या दिवसांत नुसत्या गप्पा मारा आणि कागद सुट्टीच्या दिवशी काढा. ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडचा राष्ट्रीय टपाल दिन. शाळेत त्याबद्दल काही सांगितलं गेलं असेल तर विषय काढायला ते चांगलं निमित्त होतं.

२. कोणाला लिहायचं ते मुलाला ठरवू द्या

आपण यादी करतो: आधी आजोबा, मग मोठे काका, मग आत्या. मुलाच्या मनात वेगळंच माणूस असतं. भाच्याने पहिलं पत्र गावच्या घरी गडीकामाला येणाऱ्या काकांना लिहिलं, कारण त्यांनी त्याला बैलाच्या पाठीवर हात ठेवायला दिला होता. मी त्याला अडवलं नाही. ज्याच्याशी काही घडलंय त्यालाच मूल लिहू शकतं.

एक काळजी मात्र मोठ्यांनीच घ्यायची. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे, तिथे बहुतेकदा पहिली दिवाळी करत नाहीत. त्या घरी 'शुभ दीपावली' आणि कंदिलाचं चित्र जाऊ नये. तिथे साधं आठवणीचं पत्र जाऊ द्या. मुलाला खरं कारण सांगा, त्याला ते समजतं. लेकीने अशा एका घरी लिहिलं होतं, 'काकू, या वर्षी मी तुम्हाला फक्त पत्र पाठवते आहे.' त्यापुढे मला काही सुचवावंसं वाटलं नाही.

३. कागद काढण्याआधी बोला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

'आजीला काय सांगायचंय?' असं विचारलं की उत्तर येतं, 'काही नाही.' मुलाकडे सांगण्यासारखं खूप असतं, प्रश्नच फार मोठा झालेला असतो. प्रश्न लहान करा, आणि असा करा की मुलाला उत्तर डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे:

- आजीकडे सकाळी जाग यायची तेव्हा पहिला आवाज कसला यायचा?
- आजोबांच्या खिशात काय काय असतं?
- तिथे तुला कोण ओरडलं होतं? कशावरून?
- आत्ता, या मिनिटाला, आजोबा काय करत असतील?

हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो. मागच्या वर्षी तो लेकीला विचारला तर म्हणाली, "टीव्ही बघत असतील." मी म्हटलं, "आश्विन चालू आहे. शेतात काय असतं आत्ता?" तिला माहीत नव्हतं. मग तिनेच फोन लावून विचारलं. भात कापणीला आलं होतं. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, कापून झालं होतं, उशिरा पिकणारं गरवं अजून उभं होतं, आणि रोज दुपारी आभाळ भरून येत होतं. कापून ठेवलेल्या भातावर पाऊस पडला तर दाणा भिजतो, पेंढाही काळा पडतो, हे आजोबांनी तिला फोनवर पहिल्यांदा सांगितलं. फोन ठेवून ती खिडकीशी गेली आणि आमच्या इमारतीवरचं आभाळ बघत बसली. ठाण्यातही ढग होतेच.

त्या दिवशी आम्ही एक ओळही लिहिली नाही. पण पत्र झालं होतं.

म्हणून सांगते, मूल आधी त्या माणसाच्या घरात, त्याच्या दिवसात जाऊन आलं पाहिजे. शुभेच्छा त्याला मग आपोआप सुचतात. तुमचे आजी-आजोबा पाटण-जावळीकडचे असतील, जळगावचे असतील, किंवा इथेच कळव्याला राहत असतील. कुठेही असले तरी त्या आठवड्यात त्यांच्याकडे काही ना काही चालू असतंच. डोळ्यांचं ऑपरेशन असेल, घराला रंग लागत असेल, गाय व्यायली असेल. ते मुलाला कळू द्या.

या गप्पा चालू असताना मूल एखादं चांगलं वाक्य बोललं तर लगेच 'हे लिही, हे लिही' करू नका. तुम्ही गुपचूप कच्च्या कागदावर टिपून ठेवा आणि लिहायला बसल्यावर आठवण करून द्या.

४. मायना: थोडक्यात आणि बरोबर

वर मध्यभागी 'श्री'. उजवीकडे तारीख आणि गाव. तारखेखाली तिथी लिहायची असेल तर मुलाला कॅलेंडरवरून शोधायला लावा, पौर्णिमा-अमावास्येचं गणित त्याला तिथेच समजतं.

'तीर्थरूप' आणि 'तीर्थस्वरूप' यांत घोळ होतो. जुन्या रीतीप्रमाणे आई-वडिलांना तीर्थरूप, आणि काका, मामा, आत्या अशा वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. खाली 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. शेवटी 'कळावे, लोभ असावा'. धाकट्या भावंडाला लिहायचं तर 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद'. सात वर्षांच्या मुलीला आपल्या तीन वर्षांच्या भावाला आशीर्वाद लिहिताना किती मोठं झाल्यासारखं वाटतं, ते तुम्हीच बघा.

हल्ली शाळेच्या कृतिपत्रिकेत पत्र ई-मेलच्या साच्यात येतं. मोठी मुलं म्हणतात, 'बाईंनी असं नाही शिकवलं.' शाळेचं शाळेत ठेवा, घरच्या पत्राला मार्क नाहीत. मूल 'प्रिय आजी' म्हणत असेल तर तेही चालेल. 'सा. न. वि. वि.' लिहायचंच असेल तर आधी अर्थ सांगा. अर्थ न कळता काढलेली अक्षरं आजीला लगेच ओळखू येतात.

५. मजकूर: एक बातमी, एक प्रश्न

पहिली-दुसरीच्या मुलाला पाच-सहा वाक्यं पुरेत. एक बातमी आपल्याकडची, एक प्रश्न त्यांना. प्रश्न हवाच. त्याशिवाय त्यांना उत्तराला जागा राहत नाही.

बातमी लहान आणि खरी असू द्या. 'माझा दुसरा नंबर आला' यापेक्षा 'माझा वरचा दात पडला, तो आईने कुंडीत पुरला' हे आजीला जास्त आवडतं. तलावपाळीला दिवाळी पहाटेची गर्दी, राम मारुती रोडवर नटूनथटून आलेली मुलंमुली, जांभळी नाक्याला रांगोळीच्या रंगांचे ढीग हे सगळं गावच्या माणसाला ऐकायचं असतं. मुलाला म्हणा, तिथल्या एकाच गोष्टीबद्दल लिही, पण ती नीट बघून लिही.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी थोडं वेगळं. राज्याच्या २०२० च्या कायद्यामुळे सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवली जाते, पण लिहिण्याचा हात अजून बसलेला नसतो. जोडाक्षर आलं की मूल अडतं आणि वाक्यच बदलून टाकतं. भाचा 'प्रदक्षिणा' लिहिता येईना म्हणून 'देवळात गेलो' एवढंच लिहून मोकळा झाला होता. अशा वेळी अवघड शब्द तुम्ही कच्च्या कागदावर लिहून द्या, तो बघून काढेल. बोलायला सोपं जात असेल तर आधी फोनवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा आणि मग दोन-दोन वाक्यं ऐकून त्यालाच लिहू द्या. रोमन अक्षरांत मराठी मात्र नको. आजीला ती वाचता येत नाही, आणि मग पत्र कुणा नातवाकडून वाचून घ्यावं लागतं.

मोबाइलवर आलेले 'दिव्यांच्या लखलखाटात उजळून निघो आपले जीवन' छापाचे तयार मजकूर उतरवू देऊ नका. मुलांना ते भारदस्त वाटतात म्हणून ती त्यांच्याकडे वळतात. तेच मजकूर आजोबांच्या फोनवर आधीच वीस जणांकडून आलेले असतात.

६. इच्छा दोन: एक त्यांच्यासाठी, एक आपल्यासाठी

*त्यांच्यासाठीची इच्छा.* 'सुखी राहा' ही इच्छा वाईट नाही, पण ती कुणालाही चालते. तिसऱ्या पायरीवर नीट बोलणं झालं असेल तर मूल नेमकं मागू शकतं. मागच्या वर्षी लेकीने लिहिलं होतं:

'आजोबा तुमचं सगळं भात कापून घरात येऊ दे आणि मग पाऊस पडू दे. पण दिवाळीत पडू नको दे.'

व्याकरण जसं होतं तसंच ठेवलं. सासरे फारसे बोलत नाहीत. त्यांनी ते पत्र खळ्यावर नेऊन शेजाऱ्यांना दाखवलं, असं सासूबाईंनी सांगितलं.

*स्वतःसाठीची इच्छा.* इथे आई-वडील अवघडतात. मुलाने काही मागितलं की आपल्याला हावरेपणा वाटतो, म्हणून आपण मागणीच कापून टाकतो. मला ते पटत नाही. आजी-आजोबांना नातवंडांनी काहीतरी मागायला हवं असतं. कच्चा कागद त्यासाठीच ठेवला आहे. त्यावर मुलाला मनातलं सगळं लिहू द्या, मोठं-लहान, महाग-स्वस्त. हसू नका, किमती काढू नका. लेकीच्या यादीत अकरा गोष्टी होत्या. सायकल होती, चमकणारे बूट होते, कुत्र्याचं पिल्लू दोनदा होतं.

मग प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न विचारा: 'हे आजोबांकडेच का मागायचं?'

दुकानात मिळणाऱ्या गोष्टी इथेच गळतात. पण त्यांना 'नाही' म्हणून खोडायचं नाही. त्यांची वेगळी चिठ्ठी करा, ती आई-बाबांच्या नावाने फ्रिजवर लागते, आणि त्यातलं काय होईल, काय होणार नाही हे त्या आठवड्यात मुलाला स्पष्ट सांगायचं. चिठ्ठी लावून तुम्ही विसरलात तर पुढच्या वर्षी मूल मनातलं लिहिणार नाही.

अकरातली एकच गोष्ट उरली. किल्ल्यासाठी माती. ठाण्यात किल्ला बांधायचा म्हणजे रोपवाटिकेतून पिशवीने माती आणायची, आणि ती भुसभुशीत, खताची माती भिंत धरत नाही. बुरूज संध्याकाळपर्यंत बसतो. लेकीने लिहिलं, 'आजोबा येताना तुमची लाल माती आणा. थोडीच आणा, जड नको.' धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री सासरे एसटीने खोपटला उतरले, तेव्हा एका हातात सासूबाईंनी दिलेला फराळाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात खताच्या रिकाम्या गोणीत सुतळीने बांधलेली माती. चाळून आणलेली. खाली पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला झाला, त्याचे बुरूज भाऊबिजेनंतरही उभे होते.

उत्तर 'हे त्यांच्याचकडे आहे' असं आलं की मागणी पत्रात जाऊ द्या. एखादी गोष्ट सांगणं, लाडवाची कृती, बाबा लहान असतानाचा फोटो, नदीवर पोहायला शिकवणं, बांधावरची कारिटं. एकच मागणी, आणि मागे एक कारण. कारण मुलाचं हवं. 'मला पोहायला शिकवा कारण ते आरोग्यासाठी चांगलं असतं' असं वाक्य आलं तर समजा की बोलणारे तुम्ही आहात.

७. चुका कुठल्या सुधारायच्या

पत्ता, नावं, तारीख आणि अर्थ उलटा होत असेल तो शब्द. बाकी राहू द्या. 'आठवन' तशीच जाऊ द्या, ती आजीपर्यंत पोचते.

आठ वर्षांखालच्या मुलाकडून पत्र पुन्हा स्वच्छ लिहून घेऊ नका. दुसऱ्या वेळी हात दुखतो, वाक्यं आखडतात, आणि मुलाला आपलं पहिलं पत्र नापास झाल्यासारखं वाटतं. खाडाखोड असली तरी हरकत नाही.

सही झाल्यावर विचारा, 'काही राहिलं का?' आणि 'ता. क.' लिहायला दाखवा. ताजा कलम म्हणजे पत्र संपल्यावर आठवलेलं. मुलांची बरीचशी चांगली वाक्यं मला इथेच मिळाली आहेत, कारण तोवर पत्र 'संपलेलं' असतं आणि मूल मोकळं झालेलं असतं.

८. पत्ता

पत्र पोचणं न पोचणं यावर आहे, म्हणून इथे मोठ्यांनी शेजारी बसा.

'मु. पो.' ही अक्षरं आपण सरसकट एकत्र लिहितो. मु. म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ते गाव किंवा वाडी. पो. म्हणजे ज्या गावात पोस्ट आहे ते. कोकणात ही दोन गावं पुष्कळदा वेगळी असतात. तेव्हा असं लिहा:

श्री. (पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह)
(वाडीचं नाव)
मु. (गाव), पो. (पोस्टाचं गाव)
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
पिन (सहा आकडे)

एकाच वाडीत एकाच आडनावाची अनेक घरं असतात. म्हणून वडिलांचं नाव आणि वाडी गाळू नका.

पिनकोडची चूक मी स्वतः केली आहे. गुहागरचा ४१५७०३ माहीत होता, तोच टाकला. पण पिन तालुक्याचा नसतो, पोस्टाचा असतो. आमच्या गावच्या पोस्टाचा वेगळा निघाला, आणि पत्र तुळशीचं लग्न झाल्यावर पोचलं. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पोस्टाचं नाव टाकून पिन शोधता येतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे गावी आलेल्या एखाद्या जुन्या पाकिटावरचा बघून सांगायला सांगा.

मुलांना पिनकोडची गंमत जरूर सांगा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यात मोठ्या पदावर होते, शिवाय संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा विभागाचा: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून पत्रं वेगळी करण्याचा जिल्हा, आणि शेवटचे तीन त्या पोस्टाचे. आमचा नौपाडा ४००६०२, ठाण्याचं मुख्य पोस्ट ४००६०१, वाशी ४००७०३, ऐरोली ४००७०८, पण खारघर एकदम ४१०२१०. खारघरच्या मुलाला असं का ते शोधायला लावा, नकाशा उघडावाच लागतो.

पत्ता मराठीत चालतो, पिन मात्र इंग्रजी आकड्यांत आणि सुटा सुटा लिहा. डाव्या बाजूला खाली 'प्रेषक' लिहून स्वतःचा पूर्ण पत्ता, पिनसकट. आपला पत्ता पाठ नसलेली मुलं मला दरवर्षी भेटतात. पत्राच्या निमित्ताने तोही पाठ होतो.

९. पाकीट, तिकीट, पेटी

- अंतर्देशीय पत्राच्या आत काहीही ठेवायचं नसतं. फोटो, वाळलेलं पान, टिकल्यांचं चित्र द्यायचं असेल तर पाकीटच घ्या.
- ए-चार आकाराचा साधा कागद साधारण पाच ग्रॅमचा असतो. दोन कागद आणि पाकीट २० ग्रॅममध्ये आरामात बसतात. त्यावर चमकी, जाड पुठ्ठा, पणतीचं चिकटकाम चढलं तर काउंटरवर वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं तर फरकाच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात. नातीचं पत्र आजीने पैसे भरून सोडवायचं हे बरं दिसत नाही.
- पोस्टकार्ड प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. मला एकदा दोन ठिकाणी फिरावं लागलं होतं. दसऱ्याच्या आधीच आणून ठेवा.
- घरची मोठी माणसं सांगतात, 'रजिस्टर करून पाठव.' २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये सामावली आहे. उशीर झालाच असेल तर स्पीड पोस्ट करा. वेळेवर असाल तर साधं टपाल पुरे.
- पेटीवर पत्रं काढण्याच्या वेळेची पाटी असते. ती मुलाला वाचायला लावा. पत्र मुलानेच टाकायचं. हात पोचत नसेल तर उचलून घ्या.

पेटीत टाकण्याआधी पत्राचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या वर्षी ते मी विसरले, आणि मनीच्या पिल्लांचं पत्र आता फक्त गावच्या देवघरात आहे.

१०. नाताळचं पत्र लिहायचं असेल तर

शाळेत सांताला पत्र लिहायला सांगतात, काही घरांत नाताळ असतोच. पायऱ्या त्याच, फक्त तिसऱ्या पायरीवरचे प्रश्न बदला: 'या वर्षी तू कुणाला मदत केलीस? कुणाला काही मिळावं असं तुला वाटतं?' सांताचं टपाल कार्यालय खरोखर आहे, फिनलंडमधल्या रोव्हानिएमीजवळ, आर्क्टिक वृत्तावर. त्याचा पिन ९६९३० आणि जगभरातून मुलं तिथे लिहितात. परदेशी टपालाचं तिकीट काउंटरवर विचारून लावा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच टाका. मुलाने इच्छा सांताला कळवली असेल तर ती आई-बाबांनीही वाचलेली बरी. पण पाकीट चिकटवण्याआधी, आणि मुलाला विचारून.

११. उत्तर येईपर्यंत

मूल तिसऱ्या दिवसापासून पत्रपेटी बघायला लागतं. म्हणून पत्र टाकल्यावर कॅलेंडरवर खूण करा आणि सांगा की जायला आठवडा, वाचायला एक दिवस, लिहायला चार दिवस, यायला आठवडा. आजी-आजोबांना फोनवर हळूच सुचवा की उत्तर लिहूनच द्या, दोन ओळी असल्या तरी. डोळ्यांमुळे लिहिता येत नसेल तर शेजारच्या मुलाकडून लिहून घ्या, पण सही त्यांचीच असू द्या.

पत्र पोचल्याचं फोनवर कळलं तरी 'झालं ना, आता उत्तर कशाला' असं म्हणू नका. फोनवर सासरे फक्त 'बरं आहे' म्हणतात. त्यांनी मागच्या वर्षी पाठवलेल्या पोस्टकार्डावर मात्र अकरा ओळी होत्या. भात किती झालं ते होतं, मनीच्या तीन पिल्लांपैकी एक माळ्यावर राहतं ते होतं, आणि शेवटी अगदी बारीक अक्षरांत, जागा संपत आली म्हणून काठाने वर चढवलेलं: 'ता. क. किल्ला किती दिवस टिकला ते कळवणे.'